नदीची वहिवाट आणि बॅनरवरची जनजागृती

आमच्या ओळखीतल्या चार पोरांनी दिवाळीनंतर पुण्यातून कयाक पाण्यात टाकायचं ठरवलंय, मुळा-मुठेने खाली भीमेत आणि मग भीमेने थेट उजनीपर्यंत. बॅनर छापून तयार आहे, त्यावर ठळक अक्षरात 'नदी वाचवा जनजागृती मोहीम'. हे कळल्यापासून पंधरा दिवस जिथे जावं तिथे एकच वाद ऐकतोय. अर्धे लोक म्हणतात हा स्टंट आहे, ड्रोनने व्हिडिओ काढायचे, चार लाइक मिळवायचे, नदी आहे तिथेच. उरलेले म्हणतात, अरे निदान पोरं काहीतरी करतायत, तू घरात बसून काय केलंस? मला दोन्ही बाजूंचा वैताग आलाय, कारण दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतायत, ती म्हणजे होडीने जायचं ते लोकांना जागं करायला. मग एकाचं म्हणणं लोक असे जागे होत नसतात, दुसऱ्याचं होतात. माझं म्हणणं असंय की पोरांनी जरूर जावं, पण बॅनरवरचा 'जनजागृती' हा शब्द आधी खोडावा. नदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होडी नेली की दोन गोष्टी होऊ शकतात आणि त्यांना आपल्याकडे जुने शब्द आहेत, पंचनामा आणि वहिवाट. त्या दोन होणार असतील तर ही मोहीम लाखमोलाची, नसतील तर ती एक सहल आहे, आणि सहलीलाही माझी हरकत नाही, फक्त तिला मोहीम म्हणू नका.

आता जागं नेमकं कुणाला करायचंय ते बघू. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, वारीच्या दिवसांत तर तो टीव्हीवर दिसतोच दिसतो, आणि वारकरी त्याच पाण्यात उतरून आंघोळ करतात. महाराष्ट्रात हे माहीत नसलेला माणूस शोधून दाखवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे मोजलेत, त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर, आणि ही बातमी पेपरात येऊन गेलीय. हे पट्टे ठरतात बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा यादीत. मोजमाप आहे, यादी आहे, फोटो आहेत, बातम्या आहेत. माहिती कमी पडल्यामुळे नद्या घाण झाल्या असत्या तर आत्तापर्यंत त्या काचेसारख्या व्हायला हव्या होत्या की नाही?

आणि जनजागृती शब्दाची खरी गोम त्या 'जन'मध्ये आहे. हा शब्द उच्चारला की दोष आपोआप लोकांकडे सरकतो. लोक निर्माल्य टाकतात, लोक कपडे धुतात, लोक गाड्या धुतात. टाकू नये, मान्य. पण शहरातून वाहणाऱ्या नदीचं मुख्य दुखणं आहे न शुद्ध केलेलं मैलापाणी. पुण्याचंच घ्या, 2016 च्या जानेवारीत जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेबरोबर कर्जाचा करार झाला, 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायची, दिवसाला 396 दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करायचं, आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच कित्येक वर्षं गेली, आधी टेंडर मग फेरटेंडर. आता मला सांगा, माझ्या आजीने हार नदीत टाकायच्या ऐवजी कलशात टाकला म्हणून या 396 मधला एक तरी लिटर शुद्ध होणार होता का? आजीची जागृती झाली, टेंडरची कधी करायची? ज्या यंत्रणेने काम करायचं तिलाच 'लोकांना जागं करा' हे वाक्य फार आवडतं, त्यात मला नवल वाटत नाही, पण नदीवर प्रेम करणारी पोरंही तेच वाक्य बॅनरवर छापतात तेव्हा वाईट वाटतं.

मग होडीचा उपयोग काय? इथे मला लॉस एंजेलिसच्या नदीची गोष्ट सांगायचीय, कारण नदी टोकापासून टोकापर्यंत वल्हवून काय साधता येतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ही नदी 51 मैलांची, म्हणजे साधारण 82 किलोमीटर. 1938 ला मोठा पूर आला आणि त्यानंतर अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर खात्याने, तिच्या बहुतेक लांबीला काँक्रीटचा गटारासारखा साचा करून टाकला. उन्हाळ्यात त्यात वाहतं ते मुख्यतः शुद्धीकरण केंद्रातून सोडलेलं पाणी. जगाने ही नदी बघितली ती सिनेमातल्या गाड्यांच्या पाठलागात, तिथल्या लोकांना पण ती नदी आहे हे पटवून द्यावं लागायचं. आता गंमत अशी की अमेरिकेचा 1972 चा पाणी स्वच्छतेचा कायदा लागू होतो तो 'नौकानयन करता येईल अशा' पाण्याला, आणि 2006 च्या तिथल्या सुप्रीम कोर्टातल्या रापानोस खटल्यानंतर त्या शब्दांचा अर्थ अजून आवळला गेला. 2008 मध्ये आर्मी कोअरने कागदावर ठरवलं की या नदीचे मोजके काही मैलच नौकानयनयोग्य आहेत. याचा अर्थ उरलेली नदी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोंगरातून तिला येऊन मिळणारे ओढे, यांच्यावरचं कायद्याचं छत्र काढून घ्यायची सोय झाली. बिल्डरांना अजून काय पाहिजे.

तेव्हा जॉर्ज वुल्फ नावाच्या माणसाने काय केलं? त्याने 'नदी वाचवा' असं म्हणतच न बसता काही लोक गोळा केले आणि जुलै 2008 मध्ये तीन दिवसांत सगळीच्या सगळी नदी कयाकने पार केली, जिथे पाणी घोट्याएवढं तिथे होड्या ओढत नेल्या. तुम्ही म्हणता इथून होडी जात नाही? ही बघा गेली. आर्मी कोअरच्याच एक बायोलॉजिस्ट बाई सुट्टीच्या दिवशी त्या होड्यांत बसल्या होत्या, त्यांच्यावर ऑफिसने सस्पेन्शनची कारवाई काढली आणि शेवटी त्यांनी ती नोकरी सोडली, यावरूनच कळतं की त्या तीन दिवसांनी कुणाच्या शेपटीवर पाय पडला होता. जुलै 2010 मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, आख्खी 51 मैल नदी नौकानयनयोग्य म्हणून जाहीर केली आणि त्यासाठी जे दाखले विचारात घेतले त्यात ही कयाकची सफर होती. आपल्याकडे शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं बैलगाडी जात असेल तर तो रस्ता नुसता नकाशावर नाही म्हणून बंद करता येत नाही, त्या रस्त्याने जाणारा माणूस तहसीलदारापुढे जाऊन वहिवाट सांगतो. वुल्फने तेच केलं, फक्त बैलगाडीच्या जागी कयाक होती.

वहिवाटीचा हा मुद्दा आपल्याला नवीन असायचं कारण नाही. महाडला काय झालं होतं? सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात 1923 मध्ये पास झाला होता, महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद तयार होता, तळं मात्र बंदच होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते काही 'अस्पृश्यांना तहान लागते' याची जनजागृती करायला गेले नव्हते. कागदावरचा हक्क वापरून दाखवला, त्यावरून दंगल झाली, खटला झाला, तो हायकोर्टापर्यंत गेला आणि 1937 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दांडीचंही तसंच, 24 दिवस चालत जाऊन शेवटी गांधीजींनी मिठाविषयी माहितीपत्रक वाटलं नाही, मीठ उचललं आणि कायदा मोडला. कयाकची तुलना मी महाडशी करत नाहीये, तेवढी अक्कल मला आहे, तिथे माणसांची डोकी फुटली. मुद्दा एवढाच की प्रवास किंवा कृती तेव्हा चालते जेव्हा तिच्या शेवटी एक नेमकी मागणी उभी असते आणि समोर नेमकं कुणीतरी असतं ज्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायलाच पाहिजे. पहिलं म्हणजे वल्ह्याने धरण पडत नाही. क्लॅमथ नदीचं उदाहरण सध्या सगळीकडे फिरतंय, अमेरिकेच्या ओरेगन आणि कॅलिफोर्नियातली ही नदी, तिच्यावरची चार धरणं 2023 आणि 2024 मध्ये पाडली आणि 2025 च्या उन्हाळ्यात तिथल्या आदिवासी पोरापोरींनी महिनाभर कयाक चालवत नदी उगमाकडून समुद्रापर्यंत पार केली. व्हिडिओ बघून डोळ्यात पाणी येतं, माझ्याही आलं. पण क्रम बघा ना! आधी 2002 मध्ये त्या नदीत हजारो सामन मासे मेले, मग युरोक, कारुक अशा जमातींनी वीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, कंपनीच्या मीटिंगा गाठल्या, परवाने अडवले, मग धरणं पडली, आणि त्यानंतर पोरं होडीत बसली. होडी हा शेवटचा पेढा होता. नुसता पेढा बघून 'चला आपण पण कयाक घेऊ' म्हणणाऱ्यांना विरोधक हसत असतील तर ते बरोबर हसतायत.

दुसरं, होडीत बसणारी पोरं कोण? चाळीस-पन्नास हजाराची कयाक, लाइफ जॅकेट, ड्राय बॅग, पाण्याखाली चालणारा कॅमेरा. आणि उजनीच्या काठावर भोई समाजाचे लोक रोज पहाटे जाळी काढतात, कुणाकडे पत्र्याची होडी तर कुणाकडे नुसतं थर्माकोल, त्यांच्या जाळ्यात आता मुख्यतः चिलापी येते, आणि पाण्याचा रंग कुठल्या महिन्यात कसा बदलतो हे त्यांना कुठल्याही लॅबच्या आधी कळतं. त्यांनी आयुष्यभर नदीवर काढलं तर ते पोटापाण्याचं आणि शहरातल्या पोराने आठ दिवस काढले तर ती मोहीम, हा आरोप मला बोचतो, कारण तो खरा आहे. पण याचा अर्थ पोरांनी घरी बसावं असा होतो का? मला वाटतं याचा अर्थ पुढच्या कयाकमध्ये मागच्या सीटवर एक भोई मामा बसले पाहिजेत, आणि रस्ता त्यांनी सांगितला पाहिजे. पंचनाम्याला पंच लागतात, आणि त्या पाण्याची माहिती असलेला दुसरा पंच कोण आहे?

तिसरा आक्षेप तब्येतीचा, त्यात मला काही बोलायला जागाच नाही. कॉलेजात मी दोन सीझन याच पाण्यात वल्हं मारलंय, एकदा उलटलो, दोन घोट पोटात गेले, पुढचे दहा दिवस कान आणि पोट दोन्ही गेले कामातून. पोरांनी लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून जावं, हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. एवढं बोलून हा विषय सोडतो.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र आपल्याकडच्या मोठ्या मोहिमांचा आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली 40 जण राफ्टमधून हरिद्वारहून पाटण्याला निघाले, त्यात आठ जण एव्हरेस्ट चढलेले. वाटेत शहराशहरात थांबून घाट साफ केले, लोकांशी बोलले. बचेंद्रीबाईंबद्दल मला प्रचंड आदर आहे, 1994 मध्ये त्यांनी 18 बायकांना घेऊन हरिद्वार ते कोलकाता राफ्टिंग केलं होतं, ते धाडस म्हणूनच सलाम करावा असं. पण त्याच ऑक्टोबर महिन्यात, 11 तारखेला, ऋषिकेशला जी. डी. अग्रवाल गेले. आयआयटी कानपूरचे प्रोफेसर, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव, नंतर संन्यास घेऊन स्वामी सानंद झालेले, वय 86. गंगेसाठी 111 दिवस उपोषणावर होते. त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या, वरच्या उपनद्यांवरचे जलविद्युत प्रकल्प थांबवा, नदीपात्रातलं उत्खनन थांबवा, गंगेसाठी वेगळा कायदा करा. एकाच महिन्यात, एकाच नदीच्या काठी, जनजागृतीच्या राफ्टला पंतप्रधानांच्या शुभेच्छा मिळाल्या आणि नेमकं काहीतरी मागणारा म्हातारा उपाशी मेला. राफ्टवाल्यांचा यात काडीचा दोष नाही. पण कुठली गोष्ट व्यवस्थेला सोयीची वाटते आणि कुठली टोचते, हे कळायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? पुढच्या वर्षी तर राष्ट्रीय स्वच्छ गंगा मिशननेच देवप्रयाग ते गंगासागर राफ्टिंग काढलं, त्यात वाटेत पाण्याचे नमुने घेतले गेले, तो भाग मला आवडला. तरी नदी साफ करायची जबाबदारी ज्याची, त्यानेच झेंडा दाखवायचा आणि त्यानेच नमुने घ्यायचे, म्हणजे जावयाने स्वतःच्याच हुंड्याची चौकशी करण्यासारखं आहे.

यावर शहाणे लोक म्हणतात, मग नमुने तरी कशाला, प्रदूषण नियंत्रण मंडळ दर महिन्याला पाणी तपासतंच. तपासतं, खरंय. पण ते तपासतं ठरलेल्या जागी, या पुलाखाली, त्या बंधाऱ्यापाशी. दोन जागांच्या मधे काय आहे ते पुलावरून दिसत नाही, रस्त्यावरून तर नाहीच, कारण आपल्या शहरांनी नदीकडे पाठ करून घरं बांधलीत. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत, रात्रीत राडारोड्याचे किती ट्रक रिकामे झाले हे काठावरच्या भिंतीमागे लपतं, पण पाण्यातून वर बघणाऱ्यापासून लपत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर 1983 मध्ये जॉन क्रोनिन नावाचा माणूस गस्तीच्या बोटीतून फिरत होता, तेव्हा त्याला दिसलं की एक्सॉन कंपनीची तेलाची जहाजं नदीत येऊन आपल्या टाक्या धुतायत आणि वर नदीचं गोडं पाणी भरून कॅरिबियनमधल्या अरुबाला नेतायत. कुठल्याही महिन्याच्या नमुन्यात हे सापडलं नसतं. बोटीतल्या माणसाला दिसलं, त्याने लिहून ठेवलं, आणि कंपनीला पैसे मोजावे लागले. त्याच्याकडे बॅनर नव्हता, वही होती.

आपल्याकडे एक अडचण आहे ती लपवत नाही. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे खटल्यात पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यावा लागतो, समोरच्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून. म्हणजे पोरांनी बाटलीत भरून आणलेलं पाणी त्या कामाला शून्य. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याची चौकट तशी बांधून ठेवत नाही, त्याचं खंडपीठ पुण्यातच आहे, आणि जीपीएस नोंदीसकट, तारीख-वेळेसकट, 'या ठिकाणी या व्यासाचा पाइप उजव्या काठावरून नदीत सुटतो' अशा नोंदींची सलग यादी समोर ठेवली की निदान मंडळाला तिथे जाऊन सीलबंद नमुना का घेतला नाही हे तरी सांगावं लागेल. एक नाला म्हणजे तक्रार, पण टोकापासून टोकापर्यंतचे सगळे नाले एका कागदावर आले की तो पंचनामा होतो. आणि या नदीवर सलगपणाच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पुण्याने सोडलेलं उजनीत जातं आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. पुण्यातली फ्लशची टाकी आणि सोलापुरातला नळ हे एकाच पाइपची दोन टोकं आहेत, मधे फक्त नदी आहे, हे जिल्ह्याजिल्ह्याच्या फायली वेगळ्या असल्यामुळे कुठल्याच ऑफिसात एकत्र दिसत नाही. होडीत दिसतं, कारण होडीला जिल्ह्याची हद्द नसते.

हे सगळं मी त्या पोरांना परवा चहावर सांगितलं. एक जण जरा खट्टू झाला, म्हणाला काका, बॅनरचे साडेतीन हजार गेलेत. मी म्हणलं उलटा करून वापरा, मागची बाजू कोरी आहे, त्यावर मार्करने रोज नाल्यांचा आकडा वाढवत न्या. दुसऱ्याने आल्या आल्या कामाचा प्रश्न विचारला, वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचं काय? दिवाळीनंतर बंधाऱ्यांना फळ्या टाकून पाणी अडवायला सुरुवात होते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी काठावर उतरायचं, कयाक खांद्यावर घ्यायची आणि चिखलातून पलीकडे न्यायची, सामानासकट एका कयाकला चार माणसं लागतात. दौंडच्या पुढच्या एका भोई मामांचा नंबर माझ्याकडे होता, तो दिला. पहिल्या दोन बंधाऱ्यांवर होडी उचलायला मी येतो म्हणून सांगितलंय, गुडघ्याचं काय ते तेव्हा बघू.